दादाच्या जीपचा दुसरा गिअर

"दुसरा गिअर पडत नाय गो," दादा फोनवर म्हणाला. मी रोह्याला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. तोंडात आलं ते बोलून गेले, "नाचता येईना अंगण वाकडं!" तो खूप हसला. ती चेष्टा आठवली की आज स्वतःची जीभ हासडावीशी वाटते.

दादा माझा मोठा भाऊ. गागोद्याच्या पुढे आमचं गाव, तिथून पेणला तो जीप चालवायचा. जुनी, फोर-व्हील ड्राइव्हची, चिखलातून हमखास निघणारी. बाजाराला निघालेल्या बायांच्या भाजीच्या पाट्या, दहावीची मुलं, अडलेल्या बाळंतिणी, सगळ्यांना तीच न्यायची. तिच्या स्टिअरिंगवर तीस वर्षांत दुसरं कोणी बसलं नाही. मी आयटीआय करून फिटर झाले, कंपनीची पिकअप चालवते, माझ्या हाताखाली चार पुरुष काम करतात. पण दादाच्या सीटवर बसायचं माझ्याही मनात कधी आलं नाही.

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की ऑपरेटर मशीन बिघडलं म्हणाला तर ऐकून घ्यायचं, पण पाना लावण्याआधी मशीन एकदा स्वतः चालवून बघायचं. नव्यांना मी हे ओरडून सांगते. दादापुढे मात्र विसरले. तीस वर्षांचा ड्रायव्हर गिअर पडत नाही म्हणतो म्हणजे पडत नाही! क्लच त्याने आधीच दाखवून आणला होता. मग राहिला गिअरबॉक्स. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्याकडून त्याने एक मिळवला आणि मी शनिवार-रविवार गाठून निघाले.

पेणला रामवाडीच्या नाक्यावर तो मला घ्यायला आला. घरापर्यंत गिअरबॉक्स नुसता किंचाळत होता. दादा पहिल्यावरून सरळ तिसऱ्यात जायचा आणि गाडी गचके खायची. "बघितलंस?" तो म्हणायचा. मी कान देऊन आवाज ऐकत होते. त्याच्या हाताकडे एकदाही बघितलं नाही.

अंगणात आणलेल्या गिअरबॉक्सला वहिनीने हळदकुंकू लावलं होतं. दादाने नारळ फोडला. "भंगारातला देव पावला," मी म्हटलं आणि कामाला लागले. जीप आंब्याखाली घेतली, टप काढला, सीटा आणि मधला पत्रा काढला, शाफ्ट सोडले. फांदीला चेनकप्पी बांधून गिअरबॉक्स धरला आणि इंजिनापासून सोडवून हळूहळू गोणपाटावर उतरवला. दादा गाडीखाली होता. दोनदा त्याच्या हातून पाना पडला. "लक्ष कुठाय तुझं?" म्हणून मी खेकसलेसुद्धा.

दुपारी जेवण झाल्यावर तो गावात निघून गेला. मी जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल घमेल्यात काढलं. बोटांवर चोळून पाहिलं, लोखंडाचा कण लागला नाही. झाकण उघडलं. एकही दात तुटला नव्हता, झिजला नव्हता. स्क्रूड्रायव्हरने हलकं ढकललं तर दुसरा गिअर पडला. पुन्हा ढकलला, पुन्हा पडला.

वहिनी चहा घेऊन आली. मी विचारलं, "दादाचा हात दुखतो काय गो?"

"दुखत नाय. झोपतो म्हणतात, डावा. दिवाळीपासून सदऱ्याची बटनं मीच लावते."

भाजीत मीठ कमी पडलं, इतक्या सहज ती म्हणाली. पहिला आणि तिसरा पुढे ढकलला की पडतो, दुसऱ्याला मात्र गिअरचा दांडा डाव्या हाताने मागे ओढायचा असतो. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि हात आता परत येणार नाही, हेही सांगितलं. पण बिघाड गाडीत नाही, हातात आहे, हे मला त्या दुपारीच कळलं. मी चहा प्यायले, झाकण परत बसवलं आणि बोल्ट आवळले.

संध्याकाळी दादा आला तो घामाने थबथबलेला आणि खुशीत. घरोघर जाऊन सांगून आला होता, सोमवारपासून गाडी चालू. वहिनीला म्हणाला, बाय आलीय, काहीतरी गोड कर. तिने रव्याची खीर केली. तो दोन वाट्या प्यायला. माझं तोंड उघडलं नाही. उद्या बसवून बघू, आपलंच चुकत असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. मशीनपुढे मी इतकी भित्री कधीच नसते.

रविवारी चारपर्यंत दुसरा गिअरबॉक्स चढला. दादा सीटवर बसला. पहिला पडला. दुसऱ्याला तोच आवाज. त्याने ओठ दाबून तीनदा ओढून पाहिलं.

"हापण खराबच दिला!" तो दुकानदाराला शिव्या द्यायला लागला. "उद्या जातो आणि त्याच्या दारात टाकून येतो."

माझं डोकं फिरलं. कोणावर, ते मला सांगता येणार नाही. "उतर खाली," मी म्हटलं.

मी त्याच्या सीटवर बसले. शाळेपर्यंत गेले आणि परत आले. सगळे गिअर बिनआवाज पडले. दादा अंगणात उभा होता. ड्रायव्हरला बघावं लागत नाही, त्याला ऐकू येतं. घराजवळ आल्यावर मी पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा असा मुद्दाम टाकत आले, त्याला नीट ऐकू जावं म्हणून. त्याची मला अजून लाज वाटते.

इंजिन बंद करून खाली उतरले. तो जवळ आला.

"जुनापण चांगलाच होता?"

"व्हय."

"तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

त्याने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे काल मी गावभर सांगून आलो, खीर प्यायलो, तेव्हा तुला माहीत होतं."

जीपची चावी माझ्या मुठीत होती. मी ती पुढे केली. दादाने ती घेतली नाही.