काठात शिसं घातलेला झगा

एस्तरबाई गेल्याचा निरोप घेऊन माझा भाऊ पुण्याला आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा मी वर्गात शिकवत होते. "बाई गेल्या," एवढंच म्हणाला. कुठल्या बाई, हे विचारावं लागलं नाही. राजगडाखाली पाली आणि आसपासच्या वाड्यांत बाई म्हटलं की एकच. आम्ही पोचलो तेव्हा पेटी झाकायची तेवढी राहिली होती, पण भोरचे नवे पाळकसाहेब यायचे होते. कापूरहोळला त्यांची पुढची मोटार चुकली होती. बाईंनी भोरच्या पाळकांची जन्मभर वाट पाहिली, आणि मातीत जायलाही वाटच पाहत पडून राहिल्या... साहेब आले, घाम पुसत प्रार्थना केली आणि म्हणाले, "आपल्या मंडळीची एक इमानी बायबलबाई आज प्रभूकडे गेली." तो 'बायबलबाई' शब्द मला पटलेला नाही. म्हणून लिहायला घेतलंय.

बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायामाणसांना वचनं वाचून दाखवणारी मिशनची मदतनीस. पाळक म्हणजे मंडळीचा, गावातल्या ख्रिस्ती समाजाचा, धर्मगुरू. बाप्तिस्मा देणारा, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाढणारा, मेलेल्याला माती देणारा. आमच्याकडे ही सगळी कामं वीसेक वर्षं एस्तरबाईंनी केली. आता सांगा, त्यांना काय म्हणायचं?

तशी त्यांनी आयुष्यात कामं तरी किती केली! दुष्काळात आईबाप गेलेली पोर, मिशनच्या बोर्डिंगात वाढली. तिथंच मास्तरीण झाली. प्लेग आला तसा खडू ठेवला आणि गावाबाहेरच्या झोपड्यांत रोग्यांची उस्तवार करायला गेली. मग भोरला दवाखान्यात मलमपट्टी, तिथून बाळंतपणं. चाळिशी उलटल्यावर एक तट्टू घेऊन त्या वेल्ह्याकडच्या डोंगरात शिरल्या. धनगरांच्या वाड्यांवर त्यांना कुणी धर्म विचारला नाही. एकदा अडलेल्या सुनेला मोकळी करून त्या हात धूत होत्या, तर म्हातारा धनगर म्हणाला, "बाई, आता आलाच हायसा तर त्या मेंढीकडंबी बघा. ती बी सकाळधरनं अडलीया." बाईंनी बाह्या पुन्हा वर केल्या. म्हातारा खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्यात नातू आन कोकरू एकाच हाताचं हाय!" ही गोष्ट सांगताना बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "पगार मात्र माणसांचाच मिळतो हो," म्हणायच्या.

आमची मंडळी बॅप्टिस्ट. म्हणजे कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगून, नदीत डोक्यासकट बुडावं लागतं. मार्गशीर्षात डोहाला पाणी असतं, तेव्हा भोरहून पाळक यायचे. पण एक अडचण कुठल्याच पाळकाच्या ध्यानात आली नाही. पांढरा झगा घालून बाई पाण्यात उतरली की झगा फुगून वर येतो, पाय उघडे पडतात आणि काठावर गावचे बाप्ये उभे. कितीतरी बाया मनानं तयार असून याच लाजेपायी मागं राहायच्या. एस्तरबाईंनी भोयाकडून जुन्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि झग्याच्या खालच्या काठात एकेक शिवून टाकली. झगा पाण्यात सरळ खाली राहू लागला. एवढी साधी गोष्ट! पण सुचायला पाण्यात बाईमाणूस उभं असावं लागतं.

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेब आलेच नाहीत. आदल्या वर्षीही आले नव्हते. माझी आजी दम्यानं जर्जर झालेली, तिला हाताला धरून डोहापर्यंत आणलेलं. ऊन चढलं. बाई म्हणाल्या, "उद्या बघू. मला अधिकार नाही."

आजी खडकावर बसली होती ती तिथूनच ओरडली, "उद्याचं कुनी बगितलंय? म्या आनि किती थांबू? तुमी माज्या पोरी सोडवल्या, माजा न्हवरा मातीत घातलासा. मला पान्यात घालायला काय हुतंय?"

तेव्हा मंडळीतले सगळ्यांत वडील, दावीदबाबा, पुढं आले. म्हणाले, "आपल्या मंडळीची रीत काय? पाळक वरनं येत न्हाई, मंडळी निवडती. ज्यांना एस्तरबाई पाळक म्हनून पायजेत त्यांनी हात वर करा." नदीकाठी सगळे हात वर झाले. मी पोरसवदा, पण माझाही झाला. बाई चपला काढून आत उतरल्या. आधी आजी, तिच्यामागून मी.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि भडकले. हा बाप्तिस्मा धरता येणार नाही, सगळ्यांनी पुन्हा घ्यावा. आजी म्हणाली, "आता परत बुडवायचं तर मेल्यावर बुडवा." बाईंनी आवाज चढवला नाही. "साहेब, नदी तीच आहे आणि देवही तोच आहे," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पुढं मिशनच्या समितीनं मोठा हुशारीचा मार्ग काढला. बाईंना कुणी अडवलं नाही, कारण त्या डोंगरात दुसरं कोण जाणार? आणि पाळक म्हणून कुणी मानलंही नाही. काम घेतलं, नाव मात्र दिलं नाही. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मिरवते आणि मिरवणारच. पण पुण्यातल्या मंडळीत मला विचारलं गेलं, "बाप्तिस्मा कुणी दिला?" मी नाव सांगितलं. "मग पुन्हा घ्यावा लागेल." मी घेतला नाही. आजही मागच्या बाकावर बसते आणि प्रभुभोजनाची थाळी माझ्यासमोरून पुढं जाते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घे गं पुन्हा, पाण्यानं काय बिघडतंय?" मी म्हटलं, "तुम्ही पुन्हा घ्याल?" त्या चहा ठेवायला उठल्या. तेच उत्तर.

माती दिल्यावर दगडाचा विषय निघाला. साहेबांचं ठरलेलं होतं, नावाखाली 'बायबलबाई' कोरायचं. मी म्हटलं, 'पाळक' का नाही? "ताई, तुम्ही शिकलेल्या. नियम समजून घ्या." "शिकलेय म्हणूनच विचारतेय." इंग्रज देश सोडून गेले, समितीचा नियम काही जागचा हलला नाही. पण दगड मंडळीचा होता. प्रार्थनाघरासमोर पुन्हा हात वर झाले, आणि दगड न कोरता तसाच उभा करायचं ठरलं. खोटं कोरण्यापेक्षा कोरा बरा. बाहेरचं कुणी आलं तर कबर कुणाची हे विचारावं लागेल. विचारू दे!

गेल्या आठवड्यात डोहावर बाप्तिस्मे झाले. साहेब भोरहून नवा, इस्त्रीचा झगा घेऊन आले. पहिलीच बाई पाण्यात उतरली आणि झगा छत्रीसारखा वर आला. ती तो दोन्ही हातांनी दाबत, रडत बाहेर पळाली. साहेब कंबरभर पाण्यात उभे, कुठं बघावं ते त्यांना कळेना. माझी आई बाईंच्या खोलीवर गेली आणि खुंटीवरचा जुना झगा घेऊन आली. काठ हातात घेताच साहेब चपापले. "हा कुणाचा?"

"आमच्या पाळकांचा," आई म्हणाली.

साहेबांनी त्या रडणाऱ्या बाईला तो झगा घालायला सांगितलं.

दुपारी प्रार्थनाघरामागं दोन्ही झगे वाळत घातले. गडावरनं वारं सुटलं होतं. नवा दोरीवर नुसता फडफडत होता. बाईंचा जागच्या जागी सरळ उभा होता, खालून पाणी गाळत.