तिसरं बी

पवनारच्या बसची वाट पाहत मी एका वावराशी उभा होतो. आत एक बाई प्रत्येक आळ्यात दोडक्याच्या तीन-तीन बिया अंगठ्यानं दाबत होती.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"जुनं बी हाये, भाऊ. ओल्या पोत्यात गुंडाळून पाह्यलं, तं निम्मंच निघालं."

मी गणिताचा मास्तर, गप्प राहवेना. "निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. म्हणजे आठात एकच आळं रिकामं राहील."

ती थांबली. पदरानं अंगठा पुसत म्हणाली, "अन् आठात एकात तिन्ही निघतीन. ठेवा लागते एकच येल. दोन मलेच उपटा लागतीन. रिकाम्या आळ्याचं काई नाई वाटत, भाऊ."

हे उदाहरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवलं. तिथं उगवलेलं कधी उपटावं लागलं नाही.