सरपंचांनी सुचवलेला कर

“मॅडम, गुरुवारच्या बाजाराआधी ओटे कायमचे रिकामे पायजेत,” सरपंच म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले. “नोटीस काढा. लागलं तर पोलीस बोलवा.”

मी ग्रामसेवक आहे. म्हणजे गावाचे ठराव लिहायचे, कर गोळा करायचा आणि दोन्हींबद्दल शिव्या खायच्या. शिक्रापूरच्या अलीकडे, हायवेला लागून हे गाव आहे. नाव सांगत नाही, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. गावात मला सगळे मॅडम म्हणतात. फक्त गावातले म्हातारे तुकाराम आप्पा भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या मते ग्रामसेवक हा भाऊसाहेबच असतो, साडी नेसून आला म्हणून काय झालं!

ओटे म्हणजे आठवडे बाजारात भाजीवाले बसतात ते सिमेंटचे कट्टे. वर पत्रा, बाजू उघड्या. कंपनीत कामाला आलेली काही कुटुंबं तिथे राहायला लागली होती. आजूबाजूला कंपन्या आल्या तशा गावातला जो तो शेताच्या कडेला खोल्या काढून बसला. भाडं असं की ते भरल्यावर पगारात तेल-मीठ बसत नाही. डिपॉझिट वेगळंच. मग आठवडाभर ओट्यावर संसार आणि बाजाराच्या दिवशी तो गुंडाळून हायवेच्या पुलाखाली.

त्यात हिंगोलीची सविता होती. पॅकिंगला उभी राहायची. नवरा लोडिंगला. ती ऑफिसात येऊन म्हणाली होती, “मॅडम, आत्ताच पोरीचं नाव घातलंय अंगणवाडीत. आता हाकललं तर गावाकडंच जावं लागंल, आन् तिथं काम असतं तर इथं आलो असतो का?” सरपंच नोटीस काढा म्हणाले तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. पण ग्रामसेवकाला राग आला तर तो करणार काय? विषय ग्रामसभेपुढे ठेवणार.

“हाकललं तर ते कायमचे पुलाखाली जातील,” मी म्हटलं. “पेपरात फोटो येईल आणि खाली आपल्या गावाचं नाव.”

सरपंच विचारात पडले. निवडणूक जवळ आली होती. “मग कंपनीनं बघावं की! माणसं त्यांनी आणली. येवढी मोठी कंपनी, लावा कर!”

कर लावणं इतकं सोपं नसतं. पंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती असे कायद्यात लिहिलेले कर लावता येतात. मनात येईल तो नाही. मी त्यांना तसं सांगितलं. “फार तर ठराव करून वर मंजुरीला पाठवू. तोवर निवारा बांधायला वर्गणी मागू.”

“ठरावाला सूचक मी,” सरपंच लगेच म्हणाले. सूचक म्हणजे ठराव मांडणारा. भाषणाची पहिली संधी त्याला मिळते.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरली. एरवी कोरम भरायला मला चहाची लालूच दाखवावी लागते. त्या दिवशी बसायला सतरंजी पुरेना. कंपनीचे एचआर मॅनेजर निंबाळकरही आले होते. ठराव साधा होता. गावातल्या मोठ्या मालकांनी, ज्याच्याकडे जितके कामगार असतील तितक्यांमागे, दरवर्षी निवाऱ्यासाठी कर भरावा आणि मंजुरी येईपर्यंत तेवढीच वर्गणी द्यावी. सगळे हात वर झाले. खोल्यावाल्यांचेसुद्धा. पैसा कंपनीचा जाणार, आपल्या बापाचं काय जातंय! निंबाळकर मात्र गालातल्या गालात हसत होते. ते मला जरा खटकलं.

मग सरपंचांनी माईक घेतला. “कंपनी माणसं राबवून घेती आन् झोपायला वाऱ्यावर सोडती! ये बाई, तू ये पुढं.” त्यांनी सविताला उभं केलं. “भिऊ नको. सांग समद्यांना, तू कुणाकडं कामाला हायेस?”

सविताने इकडे-तिकडे पाहिलं. “तुमच्याकडंच की, साहेब.”

“आगं, कंपनी कंची ते सांग!”

“उभी कंपनीत राहते. पण कामाला तुमच्याकडंच हाय. पगार तुमचाच मुकादम देतो.”



हे जरा समजावून सांगते. कंपन्या बहुतेक कामगार स्वतः घेत नाहीत. लेबर कॉन्ट्रॅक्टर माणसं पुरवतो. हजेरी, पगार, पीएफ सगळं त्याच्या नावावर. याला रोलवर असणं म्हणतात. मशीन कंपनीचं, पण माणूस कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर. आणि आमच्याकडे हे कॉन्ट्रॅक्ट गावातल्या वजनदार माणसालाच मिळतं, असा रिवाज आहे. तो नाराज झाला की कंपनीच्या गेटवर ट्रक अडतात. सरपंचांचं कॉन्ट्रॅक्ट सौभाग्यवतींच्या नावावर होतं. सगळ्या गावाला ते माहीत होतं. पण सरपंचांना मालक असं कुणी म्हणत नव्हतं, ते स्वतःही नाही. त्यांच्या लेखी मालक म्हणजे काचेच्या केबिनमध्ये एसी लावून बसणारा.

निंबाळकर उठले. “आमच्या रोलवर आहेत त्यांची वर्गणी आम्ही आजच देतो. थोडेच आहेत. बाकीचे सरपंच साहेबांचे.”

“म्हंजी गावातला सगळ्यात मोठा मालक आपला सरपंचच व्हय?” तुकाराम आप्पांनी विचारलं. देवळापुढे एकच हशा पिकला.

सरपंच माझ्याकडे झुकून कुजबुजले, “मॅडम, ठराव खोडा.” माईक चालूच होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“मंजूर झालाय, साहेब. सूचक तुम्हीच आहात.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निंबाळकर आता उघड हसायला लागले, तसे आप्पा त्यांच्याकडे वळले. “आन् तुमी काय दात काढताय? ठेका दिला कुणी? सरपंचाच्या वाट्यातलं निम्मं तुमी भरा, न्हाईतर आम्ही समदे तुमच्या गेटम्होरं अंथरूण टाकतो.” टाळ्या पडल्या. निंबाळकर फोन करायला बाजूला गेले. परत आले तेव्हा हसत नव्हते. निम्म्याला कंपनी तयार झाली.

सरपंचांना काहीतरी मोठं बोलल्याशिवाय खाली बसवेना. “निवारा होईस्तवर माझ्या मंगल कार्यालयात ऱ्हाऊ द्या त्यांना,” ते म्हणाले. नोटीस बारगळली.

ओट्यावरची कुटुंबं वधूपक्ष आणि वरपक्ष अशा पाट्यांच्या खोल्यांत राहायला गेली. लग्नतिथीच्या दिवशी सगळे मागच्या हॉलमध्ये सरकायचे आणि पंगतीला बसायचे. एका लग्नात मुलीकडच्यांनी सविताच्या नवऱ्याला नवरदेवाचा मामा समजून टॉवेल-टोपी दिली. त्याने ती घेतली. नाही म्हणणं त्याला बरं दिसेना.

वर्षभरात पंचायतीच्या जागेवर निवारा उभा राहिला. खोल्या लहान, पण दाराला कडी आहे. सविताने पहिल्या दिवशी ती चार वेळा लावून-काढून पाहिली. गावातल्या खोल्यांचं भाडंही थोडं उतरलं आणि आपण हात कशासाठी वर केला होता ते खोल्यावाल्यांना तेव्हा कळलं.

त्यानंतर वरून उत्तर आलं. असा कर कायद्यात बसत नाही, ठराव नामंजूर.

सरपंच ऑफिसात आले. “मॅडम, म्हंजी हे कायद्यात नव्हतंच? मग माझी वर्गणी माघारी मिळंल का?”

“मिळेल की. फक्त ग्रामसभेत सगळ्यांसमोर मागावी लागेल.”

त्यांनी चहा संपवला आणि ते निघून गेले.

कायद्याने जी वसुली होत नाही ती लाजेने होते, हे मी नोकरीत शिकले. पण लाज चारचौघांत वाटावी लागते. घरी बसून ती कुणालाच वाटत नाही.