कोळशाची मोटार आणि धुराचा अर्ज

मोटार थांबली की ड्रायव्हरभाऊ इंजिन चालू ठेवूनच खाली उतरत, मागे जात आणि धुराच्या नळीसमोर उजवा तळहात धरत. मग तो तळहात नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगत आणि कोणी विचारो न विचारो, सांगत, "आज पोट साफ हाय." कधी तोंड पाडून म्हणत, "आज अपचन हाय." हे निदान झाल्यावरच ते टपावरचं सामान उतरवायला चढत. प्रवाशांना याची इतकी सवय झाली होती की ते ऐकल्याशिवाय कोणी गठुडं उचलून चालू लागत नसे.

ही पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. चामोर्शी-आरमोरी रस्त्यावरच्या एका गावी, सरकारी कचेरीत मी नवा कारकून होतो. खोली मिळाली ती ड्रायव्हरभाऊंच्या घराला लागून. त्यांच्या अंगणात टिनाचं छप्पर आणि बांबूचे तट्टे लावलेलं एक कोठार होतं. मोटार तिथे मुक्कामाला असे.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी अशी मोटार पाहिली असेल. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मोटारींच्या पाठीमागे माणसाएवढी लोखंडी भट्टी बसवली गेली. भट्टीत लाकडी कोळसा घालायचा, तो कोंडून जाळायचा, आणि त्यातून निघणारा वायू नळ्यांमधून इंजिनात न्यायचा. गाडी त्यावर चाले. लढाई संपली, पेट्रोल परत आलं, बाकीच्यांनी भट्ट्या भंगारात काढल्या. भाऊंनी नाही काढली. कोळसा जंगलातून दाराशी येत होता आणि इंजिनाला त्याची सवय झाली होती, असं ते म्हणत. चढ आला की प्रवासी आपणहून उतरत आणि गाडीबरोबर चालत. म्हाताऱ्या बाया गाडीच्या आधी माथ्यावर पोचून तिची वाट पाहत बसत.

गाडी हाकत भाऊ, पण ती सुरू करत वहिनी. रोज सकाळी भट्टीत कोळसा भरायचा, खालून विस्तव लावायचा आणि पंख्याचा दांडा अर्धा तास फिरवायचा, हे काम त्यांचं. विस्तव धरला की नाही हे त्या भट्टीच्या आवाजावरून ओळखत. भाऊ तोवर अंघोळ उरकत. "तिच्याशिवाय हे गाडी मले वळखत नाई," असं ते सगळ्यांदेखत सांगत, आणि वहिनी पदर तोंडाला लावून आत जात.

एक दिवस आमच्या कचेरीत वरून परिपत्रक आलं. मोटारींच्या धुरामुळे जनतेस उपद्रव होतो, सबब जुन्या कोळसा-भट्ट्या काढून इंजिन दुरुस्त करून घेणाऱ्या मोटारमालकांना सरकार मदत देईल, अर्ज मागवावेत, असं त्यात होतं. आम्ही सगळे ते आळीपाळीने वाचत बसलो. बडे बाबूंना वाटलं ते गिरणीच्या धुराड्याबद्दल आहे. दुसऱ्या एका बाबूंनी विचारलं की धुराऐवजी धूळ उडवणाऱ्या बैलगाड्याही यात बसतात का. शेवटी काम माझ्याकडे आलं, कारण मी नवा होतो आणि माझ्या शेजारी मोटार होती. आमच्या हद्दीत भट्टीची मोटार तेवढी एकच उरली होती.

मी संध्याकाळी भाऊंना परिपत्रक वाचून दाखवलं. ते चुलीपाशी उकिडवे बसून ऐकत होते. मग त्यांनी मला दोनदा ते पुन्हा वाचायला लावलं.

"लढाईत सरकारचाच मानूस आला होता, बाबूजी," ते म्हणाले. "भट्टी लावा, सरकार मदत देते म्हने. लावली. आता तेच सरकार म्हनते भट्टी काढा, मदत देतो. मी आयकून राह्यलो, पर समजून नाई राह्यलं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. रस्त्याच्या कामाची नोटीस आली तरी हेच, नवी नाणी येणार असं कोणी सांगितलं तरी हेच. पण या वेळी मलाही नीट समजलेलं नव्हतं. मी सांगितलं की धूर कमी झाला पाहिजे असं सरकारला वाटतं. त्यांनी विचारलं की मग जंगलातल्या कोळसा पाडणाऱ्यांनी काय करायचं. चामोर्शीच्या पलीकडे गोंडांची तीन घरं होती, त्यांचा कोळसा फक्त भाऊ घेत. परिपत्रकात त्या तीन घरांविषयी काही नव्हतं. भाऊंनी छापील अर्ज घेतला, घडी केली आणि ड्रायव्हरच्या गादीखाली ठेवून दिला. तो तिथे तसाच राहिला.

पौषातली गोष्ट. आरमोरीच्या बाजाराचा दिवस होता आणि धुकं असं की समोरचं झाड दिसत नव्हतं. गारठ्यामुळे वहिनींनी कोठाराचे तट्टे चारही बाजूंनी लावून घेतले आणि आत पंखा फिरवत बसल्या. भाऊ विहिरीवर होते. मी ओट्यावर दात घासत होतो. पंख्याचा घरघर आवाज थांबला हे मला कळलं, पण विस्तव धरला असेल असंच मला वाटलं. भाऊ ओल्या अंगाने कोठारात गेले आणि मला हाक मारली. वहिनी भट्टीला टेकून बसल्या होत्या, जशा काही दमून झोपल्या. चेहरा लालबुंद. आम्ही खाट आणली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं की कोठारात धूर कोंडला होता का. भाऊ म्हणाले, धूर मुळीच नव्हता, विस्तव चांगला धरला होता. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अशा भट्टीतून एक विषारी वायू निघतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

भाऊंनी आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं आणि तो धोतराला पुसला.

वहिनी दुपारी शुद्धीवर आल्या. चार दिवसांनी घरी आल्या, हसल्या, मला विचारलं की जेवला का. आम्हाला वाटलं संकट टळलं. पण तीन आठवडे झाले आणि त्या हळूहळू विसरू लागल्या. डॉक्टर म्हणाले, त्या वायूचा परिणाम असा मागाहूनही दिसतो. भाजीत मीठ दोनदा पडे, मग एखाद्या दिवशी पडतच नसे. पहाटे उठून कोठारात जात, पंख्याच्या दांड्यावर हात ठेवत आणि तो कुठल्या बाजूला फिरवायचा हे न आठवून तशाच उभ्या राहत. भाऊ त्यांचा हात अलगद सोडवून घेत आणि स्वतः पंखा फिरवत. आता सगळे तट्टे उघडे असत आणि वहिनींची खाट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

त्यानंतर एक दिवस भाऊ कचेरीत आले. गादीखालचा अर्ज हातात होता, घडीवर तेलाचा डाग. मी एकेक रकाना वाचत गेलो आणि ते सांगतील तसं लिहीत गेलो. 'धुराचा उपद्रव कोणास होतो' असा एक रकाना होता.

"घरचीचं नाव लिहा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊ, इथं जनतेस असं लिहायचं असतं."

त्यांनी अर्जाकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "ते काय जनता नाई?"

मी वहिनींचं नाव लिहिलं. बडे बाबूंनी अर्ज तपासताना तिथे बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

महिन्याभराने जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, तपासणीचे साहेब येणार असं कळलं. परिपत्रकात अट अशी होती की मोटार धूर सोडते हे अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. मला भाऊंची मोटार ठाऊक होती. ती पेटताना तेवढा धूर सोडायची, एकदा चालू लागली की फारसा नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की उद्या कोळशात थोडं ओलं लाकूड घाला. खरंच सांगतो, हे सांगताना मला लाज वाटली, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

"म्हंजे धूर कमी कराची मदत भेटाव म्हनून धूर जास्ती कराचा?"

"हो भाऊ."

"आयकून राह्यलो," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्या दिवशी बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोटार कचेरीसमोर आली ती नव्या नवरीसारखी. भाऊंनी ती धुतली होती, नळ्या खरवडल्या होत्या, राख काढली होती, आणि कोळसा असा निवडून घातला होता की खडा न खडा खणखणीत. साहेबांनी पांढरा रुमाल नळीसमोर धरला. रुमाल जवळजवळ पांढराच राहिला. साहेब खूश झाले. इतकी जुनी मोटार इतकी नीट ठेवलेली आपण पाहिली नाही, असं म्हणाले आणि कागदावर शेरा लिहिला: धूर नाही, मदतीची आवश्यकता दिसत नाही.

भाऊ पुढे झाले. "साहेब, दिसत नाई तोच वाईट हाय. डाक्टरले पुसा."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी वहिनींची हकिकत पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले की जे दिसत नाही ते पाहिलं असं मी कसं लिहू.

भाऊंनी ओलं लाकूड का घातलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांना माझं सांगणं समजलं नाही, की समजूनही साहेबांपुढे घाणेरडी गाडी नेणं त्यांना जमलं नाही? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय निघालं असतं, याची मला भीती वाटत असावी.

त्याच आठवड्यात त्यांनी पाना घेऊन स्वतःच भट्टी उतरवली. मदतीशिवाय इंजिन दुरुस्त करून घेणं त्यांना शक्य नव्हतं. मोटार एका व्यापाऱ्याने नेली. कोळसा पाडणाऱ्या तीन घरांना निरोप न पाठवता ते स्वतः चालत सांगायला गेले. परत आले ते डोक्यावर कोळशाचं पोतं घेऊन. त्या घरच्यांनी ते भेट म्हणून दिलं होतं. "नाई म्हनता आलं नाई," एवढंच बोलले आणि पोतं ओट्यावर ठेवून किती तरी वेळ त्याच्याकडे पाहत बसले. पुढे महिन्याभरात दोघं घराला कुलूप लावून वहिनींच्या माहेरी गेली.

दोन-तीन वर्षं गेली. राज्यं नव्याने आखली गेली, आमचा जिल्हा मुंबईकडे गेला, फायली गाठोडी बांधून इकडच्या तिकडे झाल्या. आणि एका सकाळी डाकेत भाऊंच्या नावाचं पत्र आलं. नव्या ठिकाणी कोणीतरी त्यांचा अर्ज आणि त्यावरचा 'धूर नाही' हा शेरा एकत्र वाचला असावा. सरकारी प्रयत्नांमुळे सदर मोटारीचा धूर बंद झाल्याची नोंद घेतली असून मालकाने केलेल्या सहकार्याबद्दल आभार, असं त्यात होतं. बडे बाबूंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्हीच नेऊन द्या."

रविवारी मी सायकलने वहिनींच्या माहेरच्या गावी गेलो. त्यांच्या माहेरचे लोक ढिवर, गावच्या तलावात मासे धरून राहणारे. ड्रायव्हरभाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं वाळत घालत होते. अंगाने वाळले होते, पण चेहरा निवांत. वहिनी झाडाखाली बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या, म्हणाल्या, "दादा, किती दिसानं आला." मी गोंधळलो. भाऊंनी हळूच सांगितलं की वहिनींचा एक भाऊ लहानपणी गेला, मी त्यांना तोच वाटतो आहे. "होय म्हना. तिले बरं वाटते."

मी हो म्हणालो.

मग मी पत्र वाचून दाखवलं. भाऊंनी नीट ऐकलं. वाचून झाल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत माझ्याकडे दिलं.

"चला," ते म्हणाले, "सरकारचं तरी काम झालं."

चेष्टा होती की समाधान, मला उमगलं नाही. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवण झाल्यावर वहिनी अस्वस्थ झाल्या, उठून कुठेतरी जायला निघाल्या. भाऊ म्हणाले की रोज या वेळी असं होतं, पण पाण्यावर नेलं की त्या शांत होतात. त्यांनी वहिनींना हात धरून काठाशी बांधलेल्या डोंग्यात बसवलं, स्वतः मागे उभे राहिले आणि बांबू रेटला. वहिनींनी एक हात पाण्यात सोडला होता. डोंगा कमळांच्या पानांमधून वाट काढत तलावाच्या मध्यावर गेला आणि तिथे थांबला. मी पाळीवर उभा होतो. भाऊ वाकून त्यांना काही सांगत होते आणि त्या मान हलवत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही.