काळ्या पडद्यातला भांग

तारनाक्याच्या चहाच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ रोज सकाळी लॅपटॉप उघडत. पडदा काळाकुट्ट राही. मग खिशातून कंगवा काढून ते त्या काळ्या काचेत शांतपणे भांग पाडत.

शेवटी न राहवून मी विचारलंच. परमुलखात मराठी ऐकताच ते खुलले. "यात पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स कार्डं दोन. एक साधं, एक तगडं. लिनक्समध्ये तगड्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, टाकला की दोघंही 'पहले आप, पहले आप' करत बसतात. पडदा कुणीच पेटवत नाही."

माझ्याही लॅपटॉपात कार्डं दोनच, पण चित्र नुसतं थरथरायचं. दुपारी ऑनलाइन मुलाखत होती. मी तसं बोलून गेलो आणि त्यांनी माझा लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"साध्याला बंदच करू. झंझटच नक्को. मग तगड्याला उठावंच लागेल."

खटाखट काहीतरी टाइप करून त्यांनी लॅपटॉप बंद-चालू केला. पडदा काळा!

"अरे वा!" ते हरखले. "म्हणजे पडद्याची वायर साध्याच्याच हातात आहे की!"

मी कपाळाला हात लावला. तो हळूच बाजूला करून त्यांनी कंगवा पुढे धरला.

"मुलाखत आहे ना? केस तरी नीट करा."

सांगायला लाज वाटते, पण त्या काचेत भांग फार सरळ पडतो.