सातवी वाटी

आधी माझी बाजू मांडते. नागपूरच्या आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि वडिलांच्या तोंडी एकच प्रश्न: "पुरावा काय?" त्यात माझी नोकरी मोजमापाची. लेस्टरबाहेरच्या एका कारखान्यात मी मापनयंत्रं तपासते. यंत्र खरं सांगतंय की नाही, एवढंच मला बघायचं असतं. त्यामुळे या ग्रुपवर इतरांचे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात कारणं लावत आलेय... वारा असेल, पाइप असतील, अ‍ॅसिडिटी असेल.

या एका दुपारचं कारण मला अजून लावता आलेलं नाही. जिच्यामुळे हे घडलं तिला विचारूनच लिहितेय. नावं बदलली आहेत.

आमचं घर सेमी-डिटॅच्ड, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. जिना चढून गेलं की समोर बॉक्सरूम. एक पलंग, एक खिडकी, खाली मागचं अंगण. दार हलकं, आतून पोकळ. त्याला कडी नाही. मुलगी लहानपणी आत अडकू नये म्हणून मीच ती काढली होती. मुलगी युनिव्हर्सिटीत गेल्यावर ती खोली आम्ही डोल्माला दिली.

डोल्मा तिबेटी. इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. लहानपणी काकांबरोबर डोंगर ओलांडून भारतात आली आणि गोंदियाकडच्या तिबेटी वस्तीत वाढली. पहिल्या दिवशी तिने दारातूनच विचारलं, "चप्पल कुठं ठेवू जी, ताई?" आणि माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, हातातला चहा सांडला. तो पुण्याचा. तिची मराठी माझ्यापेक्षाही अस्सल वैदर्भीय आहे, असं तो अजून म्हणतो.

खिडकीपाशी तिने बुद्धमूर्तीसमोर पितळेच्या सात वाट्या मांडल्या. सकाळी डावीकडून एकेक भरायची, संध्याकाळी रिकामी करून, पुसून पालथी घालायची. रिकामी वाटी उताणी ठेवायची नाही. दोन वाट्यांमध्ये अंतर जवाच्या एका दाण्याएवढं. हे ऐकून मी सुपरमार्केटमधून सूपचे जव आणले आणि कॅलिपर लावला.

ती पोट धरून हसली. "सोललेला जव लहान असते जी ताई! तुमचा देव दाटीवाटीत बसन."

"माझा देव नाहीच," मी म्हटलं.

"मग माप कायले घेता?"

माझा कर्मकांडावर विश्वास नाही, पण तिची ड्युटी लवकरची असली की वाट्या मी भरायचे. काम घेतलं की ते मापात करायचं, एवढंच.

डोल्माची मोठी बहीण तिबेटमध्येच राहिली. तिची मुलगी आता आठ वर्षांची आहे. चार वर्षांची असतानाच तिला सरकारी निवासी शाळेत घातलं — घातलं म्हणजे घालावं लागलं, गावातली शाळा बंद केली होती. तिथे सगळं चिनी भाषेत. बरेच महिने बहिणीचा फोन नव्हता. मग अचानक व्हिडिओ कॉल आला. मागे कोरी पांढरी भिंत. बहीण म्हणाली, आम्ही मजेत आहोत, तू तिकडे कुठे काही बोलू नकोस. मग मुलीला पुढे केलं. डोल्माने तिला तिबेटीत विचारलं, जेवलीस का, पाणी प्यालीस का? मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं.

आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम तोंडावर आलेला. विषय याच शाळा, वक्ता डोल्मा. आदल्या सकाळी ड्युटीवर निघताना ती बूट घालता घालता म्हणाली, "ताई, उद्या मी नाई बोलत."

"अगं, लोकांना सांगून झालंय. तू नाही तर कोण बोलणार?"

"मी बोललो तर तिले त्रास, नाई बोललो तर मले झोप नाई. तुमाले सोपं आहे जी. तुमची बहीण नागपूरले आहे."

ती गेली.

दुपारी लक्षात आलं, वाट्या भरायच्या राहिल्यात. पाण्याचा जग घेऊन वर गेले. सुधीर खाली क्रिकेट बघत होता. सातही वाट्या भरल्या, अंतर नजरेने तपासलं आणि वळले. दार लागलेलं होतं. वाऱ्याने लागलं असेल म्हणून मूठ फिरवली. मूठ फिरली, दार हललं नाही. खांदा लावला. पोकळ दार, पण भिंतीला खांदा लावल्यासारखं वाटलं.

सुधीरला हाक मारायला तोंड उघडलं... आणि नाव सापडेना.

आवाज होता. नाव नव्हतं. 'दार' हा शब्द नव्हता. वाट्यांकडे पाहिलं, त्यात जे होतं त्याला काय म्हणतात ते येईना. मराठी नाही, इंग्रजी नाही. मी मोजायला लागले. घाबरले की मी मोजते, लहानपणापासून. वाट्या डोळ्यांना दिसत होत्या, आकडा येत नव्हता. आयुष्यात मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

खोलीला ओल्या लोकरीचा आणि कोळशाच्या धुराचा वास येत होता. मी खिडकीची काच बडवली. शेजारीण अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने मानही वर केली नाही. आणि एक गोष्ट मला आतून पक्की कळली — दाराबाहेर कोणीतरी उभं आहे. मी नीट बोलले तरच ते दार उघडेल. मग मी बोलू लागले. काय बोलत होते ते मला कळत नव्हतं. तोंडातून चढ-उताराचे आवाज येत होते, तेच ते, पुन्हा पुन्हा. घशाला कोरड पडली, तरी थांबायची हिंमत होईना.

"अगं, कोणाशी बोलतेयस?"

सुधीर दारात उभा होता. मी त्याचा हात पकडला आणि पहिला शब्द बोलले तो, "सात." मग मोठ्याने रडले.

"दार कसं उघडलंस?"

"उघडंच होतं की, किलकिलं. मी फटीतून बघत होतो. तू दाराकडे तोंड करून उभी. मला वाटलं उद्याच्या कार्यक्रमात काही नाटक आहे. तुला चिडवायला रेकॉर्डसुद्धा केलं."

तेवढ्यात त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. "ही एक भरायची राहिली का?"

सातवी वाटी कोरडी होती. मी ती काठोकाठ भरली होती. खालचा कपडा कोरडा, कार्पेट कोरडं.

संध्याकाळी डोल्माला रेकॉर्डिंग ऐकवलं. आवाज माझाच, भाषा चिनी वाटत होती. तिला चिनी येत नाही, ती नुसती ऐकत होती. शेवटी आवाज बारीक झाला आणि दोन वेगळे शब्द आले: "आमा... छु." डोल्मा पलंगावर बसली.

"हे आमचं आहे, ताई," ती म्हणाली. "आई, पाणी."

तिच्या वॉर्डातल्या, चिनी येणाऱ्या मलेशियन मैत्रिणीने आधीच्या भागाचा अर्थ सांगितला. एकच वाक्य होतं, पुन्हा पुन्हा. 'बाई, माझं पाठ झालं, आता घरी जाऊ?'

डोल्माने ती सातवी वाटी हातात घेतली, बराच वेळ आतून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दोन शब्द हायेत पोरीपाशी अजून. उद्या मी बोलतो."

ती बोलली. आधी तिबेटीत, मग मराठीत. त्यानंतर बहिणीचा फोन आलेला नाही. बोलल्यामुळे आला नाही की नाहीतरी आला नसता, हे सांगायला आमच्याकडे काही साधन नाही. आम्ही दोघी तो विषय काढत नाही.

मी माझ्या परीने तपासलं. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, मेंदूचा स्कॅन करून घेतला, स्वच्छ आला. भाषा जाण्याचा झटका असतो म्हणतात. पण मग कधी न शिकलेली भाषा आली कुठून? दाराची बिजागरी काढून पाहिली, त्यात काही दोष नव्हता. भरलेली वाटी वजन करून दिवसभर तिथेच ठेवली. दुपारपर्यंत जे उडालं ते नगण्य.

अजूनही मीच बऱ्याचदा वाट्या भरते. संध्याकाळी डोल्मा जिना चढून येते आणि बूटही न काढता आधी शेवटच्या वाटीकडे बघते. मीही बघते. कारण माहीत नाही, विश्वास आहे असंही म्हणवत नाही. पण त्या पोरीने पाणी प्यायल्यासारखी ती वाटी पुन्हा एकदा कोरडी सापडावी, असं मला रोज वाटतं.

रोज ती भरलेलीच असते.