साडूंच्या गाडीचं पोट

अख्ख्या पुणे जिल्ह्यात गंजाला माझ्या थोरल्या साडूंइतका भिणारा दुसरा मनुष्य नसेल. साप ते शेपटीला धरून बांधापलीकडे टाकतात, पण पत्र्यावर तांबूस ठिपका दिसला की त्यांचा चेहरा उतरतो. मी त्यांना दाजी म्हणतो. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मळी आणि वाफ लोखंडाला कशी खाते ते त्यांनी रोज पाहिलं, आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं ज्ञान माझ्या वाट्याला आलं. दौंडला आमच्याकडे आले की पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून आधी माझ्या गाडीखाली शिरतात. एकदा आमच्या शाळेचे हेडमास्तर दारात आलेले असताना गाडीखालून आवाज आला, "पाव्हणं, सायलेन्सर कवा बघितला होता?" हेडमास्तरांना दोन पाय तेवढे दिसत होते. त्यांनी त्या पायांनाच नमस्कार केला.

दाजींची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी मांडवगणला येणार आणि ऐन वेळी घरात वाहन हवं, म्हणून दाजींनी नवी गाडी घेतली. अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, ओवाळलं, नारळ फुटला आणि दाजींनी ती गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये नेऊन लावली. "पोटाला कोटिंग झाल्याबिगर ही रस्त्याला लागायची न्हाई." शोरूमवाल्यानं सांगितलं होतं की कंपनीनंच खालून कोटिंग केलेलं असतं. दाजी म्हणाले, "कंपनीनं आपला रस्ता बघितलाय का?"

पुढचे तीन महिने माझे रविवार त्या कोटिंगनं खाल्ले. शिरूरचा एकजण डांबरासारखं काळं जाड कोटिंग मारायचा, दौंडचा गॅरेजवाला रबराचा फवारा मारायचा आणि पाटसला एका दुकानात मेणासारखं मऊ काहीतरी मिळायचं. दाजींचा सगळ्यांना एकच प्रश्न. "ह्याच्या आत पाणी गेलं, तर भाईर कुठनं येणार?" शिरूरवाला म्हणाला, पाणी आत जाणारच नाही. "न्हाई, पण गेलं तर?" हे चौथ्यांदा विचारल्यावर त्यानं शांतपणे शटर ओढलं आणि तो जेवायला गेला. आम्ही पायरीवर बसून राहिलो, कारण दाजींना उत्तर हवं होतं.

मग त्यांनी पत्र्याच्या तीन पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला एकेक कोटिंग फासलं, खिळ्यानं ओरखडे काढले आणि त्या गोठ्याच्या मोरीत टांगल्या. दर रविवारी ते मला मोरीपाशी उकिडवं बसवायचे.

"काय दिसतंय?"

"पत्रा."

"नीट बघा की. तुम्ही शिकलेली माणसं."

माझी बायको घरी म्हणायची, तुम्ही जाताच कशाला. पुढच्या रविवारी मी पुन्हा मोरीपाशी असायचो. सातव्या महिन्यात मुलगी आली, शेडमधल्या गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "बाबा, माझं बाळ आता स्वतः चालत येऊन हिच्यात बसंल." दाजी हसले नाहीत. ते पट्ट्यांकडे बघत होते.

शेवटी मेण जिंकलं. डांबर कडक होऊन तडकतं, तड्यातून पाणी शिरतं आणि वरून काळंभोर दिसत असताना आतला पत्रा संपतो, हे पट्टीनं सिद्ध झालं होतं. रबराच्या पट्टीनंही ओरखड्यापाशी दगा दिला होता. परतीच्या पावसाचे दिवस होते. एका रविवारी सकाळी गाडी स्टँडवर चढवली आणि दाजींनी उताणं पडून स्वतःच्या हातानं ब्रश फिरवला. पाणी निघायची भोकं बुजू नयेत म्हणून प्रत्येक भोकात काडी घातली. काड्या पुरवायला मी होतो. काम संपल्यावर ते म्हणाले, "आता उद्यापतूर कुणी हात लावायचा न्हाई."

दुपारी तीनच्या सुमाराला मुलीला कळा सुरू झाल्या. दिलेल्या तारखेला अजून दोन आठवडे होते. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, तासभर लागेल. अक्का दाजींकडे बघत राहिल्या. मीही बघत होतो, आणि खरं सांगतो, आता वाद घालावा लागणार असंच मला वाटलं. दाजींनी भोकांतल्या काड्या ओढून काढल्या, गाडी स्टँडवरून उतरवली, हात सदऱ्याला पुसले आणि म्हणाले, "बसा."

उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याचा पार राडा केला होता. चिखल गाडीच्या पोटावर थपाथप बसत होता आणि दर थापेला मी अंग चोरत होतो. दाजींनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. "पोरी, धक्के बसत्यात का गं?" दौंडच्या दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात नात झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं वेळ दवडला नाहीत. दाजी बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांच्या हातांना अजून ते मेण चिकटलेलं होतं आणि त्या हातांनी बाळ घ्यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मुलगी, जावई आणि नात आता बंगळूरला असतात. गाडी फारशी निघत नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दाजींचा गुडघा दुखत होता, म्हणून पहिल्यांदाच त्यांनी न सांगता मी गाडीखाली शिरलो. सगळं पोट स्वच्छ, वरून नवा हात दिलेला. फक्त मागच्या चाकाजवळ तळहाताएवढा जुना चिखल मेणात रुतून बसलेला होता, त्यात उसाचं वाळकं पाचट, आणि कडेनं पत्रा तांबूस व्हायला लागला होता.

"दाजी, इथं गंज धरलाय. खरवडू का?"

मला बाहेर त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्या दिसाचा हाय त्यो."